शब्बीरमामूची उभी नाव

आमच्या डोणगावच्या तलावावर शब्बीरमामू एका जुन्या दारावर उभा राहून फिरायचा. बसून नाही, उभा! दाराखाली तेलाचे रिकामे डबे बांधलेले, हातात लांब बांबू, अंगात पांढरा कुर्ता. लांबून वाटे, माणूस पाण्यावर चालतोय. बाहेरगावची एक म्हातारी तर काठावर हात जोडून बसली. तिला उठवायला अर्धं गाव लागलं.

पुढे कळलं की समुद्रावर पैसेवाली माणसं हौसेने असंच फळीवर उभं राहून वल्हवतात. मामूने ते आधीच, पडून-पडून शोधून काढलं होतं.

मामू फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बीटी कपाशी आली, बोंडअळी गेली आणि तिच्यामागोमाग मामूची निम्मी गिऱ्हाइकंही गेली. रिकाम्या हातांना चैन पडेना, म्हणून त्याने ही नाव बांधली.

"बसून काऊन नाही जात, मामू?"

"बसलं तं पायजमा भिजते बे!" आणि लगेच भाषण सुरू, "ना डिझेल, ना धूर, ना आवाज! पाण्याले काडीचा त्रास नाही!"

हे तो असं ओरडे की आमचे बगळे थेट मेहकरला जाऊन बसत.

श्रावणातल्या एका दुपारी मामू असाच ओरडत लव्हाळ्यात घुसला आणि एकदम गप्प झाला. मामू गप्प म्हणजे बुडालाच, असं समजून मी चपलांसकट उडी टाकली. पाणी गुडघाभर निघालं. मामू दारावर पालथा पडून गवताचं एक तरंगतं पुंजकं हाताने सावरत होता. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं. नावेच्या लाटेने ते कलंडलं होतं. एक अंडं पाण्यात गेलं, तीन उरली होती.

"माह्याच नावेनं केलं हे, भाऊ," एवढंच तो म्हणाला.

त्याच दिवशी नाव काठावर उलटी पडली आणि मामू बाभळीखाली राखणीला बसला. म्हशी आल्या की वळवून लावायचा. कुणी फवारणीचा पंप धुवायला आला की त्याला शिव्या द्यायचा, त्याही कुजबुजत. "वावरात धू ना बे! इथं लेकुरवाळी आहे!"

"मामू, अंडे तुम्हीच उबवून राह्यले का?" पोरं चिडवत.

"हाव. पण हळू बोल."

हळूहळू सारं गावच हळू बोलू लागलं. पारावर कपाशीच्या भावाआधी अंड्यांची चौकशी होई.

आणि एका सकाळी टिबुकली लव्हाळ्यातून बाहेर आली. पाठीवरच्या पिसांतून तीन इवलीशी डोकी डोकावत होती. आई पोरांना पाठीवर घेऊन तलावभर फिरत होती.

"जिंकलो, मामू! आता काढा नाव!" मी ओरडलो.

मामूचं लक्षच नव्हतं. टिबुकली पार दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. मग म्हणाला, "एसटीडी बूथवर येतं का माह्यासंगं, भाऊ? सलीमले फोन लावून दे."

सलीम त्याचा एकुलता एक. धंदा बसल्यावर सुरतेला यंत्रमागावर गेला, तो बापाशी भांडूनच. तेव्हापासून मामूने त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"काय बोलायचं त्याच्याशी?"

"ते मी पाहतो. तू फक्त लावून दे."

बूथवर जाऊन मी फोन लावला आणि रिसीव्हर मामूच्या हातात दिला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी हाय बे," मामू म्हणाला, "जेवला का?"