बिजागरीवरची ट्रायल

पहिली नोकरी माणसाच्या दारात एकदाच येते, आणि त्या घडीला दार उघडं असावं लागतं. हे वाक्य मी आमच्या मुलीला सकाळच्या चहाबरोबर पाजलं. अकरा वाजता तिची ट्रायल होती. दहाच्या सुमारास दार मीच बंद करवलं. कायमचं!

मुलगी वेल्डरचा कोर्स पास होऊन कित्येक महिने घरी होती. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, "अनुभव?" शेवटी एका वर्कशॉपच्या मालकांनी फोनवर सांगितलं, "ये, हात बघतो तुझा." या मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. आता अशा वेळी बापाने हातावर हात धरून बसावं का? बसावं, असं बायकोचं मत आहे. पण ते तिने नंतर मांडलं.

"हात मोकळा करून जा," मी म्हणालो. "तुझ्या मैत्रिणीचं वेल्डिंग मशीन घरात आहेच. बाहेरच्या गजांच्या दाराची खालची बिजागरी बघ, किती खिळखिळी झालीय!"

"बाबा, दोन टाके पुरेत."

"टाके? तू शिंपी आहेस की वेल्डर?"

दार चौकटीत नीट बसावं म्हणून मी ते लावून घेतलं. ती आतल्या बाजूने बसली, काच तोंडावर घेतली, ठिणग्या उडाल्या. मी पाठ फिरवून देखरेख करत होतो.

"झालं, बाबा."

मी दार हलवून पाहिलं. "हलतंय की अजून!"

"बिजागरी आहे, हलणारच."

"हललं तर जोड कसला? घाल आणखी!"

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये, हे संस्कार मीच केले होते. तिने होते नव्हते ते सगळे रॉड संपवले. मग दार हललं नाही. पुढे नाही, मागे नाही, तिघांनी मिळून ओढलं तरी नाही. बिजागरी, तिची खीळ आणि चौकट एकजीव झाली होती. इतकी एकी आमच्या घरात मी प्रथमच पाहत होतो.

"कापायला काही आहे?" मुलीने विचारलं.

"किसणी आहे," बायको म्हणाली.

पावणेअकरा झाले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ही ट्रायल गेली की पुन्हा तेच, "अनुभव?" तिने उस्तादांना फोन लावला.

"सर, उशीर होईल. दार उघडत नाहीये."

"किल्ली हरवली?"

"नाही सर. वेल्ड झालंय."

"कुणी केलं?"

"मी."

मग, "पत्ता सांग."

उस्ताद स्वतः आले, लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन. गजांतून त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं लोक प्राणिसंग्रहालयात पाहतात, आणि तेही कंटाळवाण्या पिंजऱ्यासमोर. गुडघ्यावर बसून त्यांनी जोडावरून बोट फिरवलं.

"जोड पक्का आहे," ते म्हणाले.

"शेवटी मुलगी कुणाची!" मी म्हणालो.

"त्याचाच विचार करतोय."

बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

"आतल्या बाजूनं आहे, माझा हात पोचत नाही," उस्तादांनी ग्राइंडर आणि गॉगल गजांमधून आत सरकवला. "घे. तूच काप. चौकटीला ओरखडा आला तर परत जाईन."

मुलीने डोळे पुसले, गॉगल चढवला. चाक किंचाळायला लागलं. मी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, तर बायकोने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि बाहेरून कडी घातली. त्यामुळे दार उघडलं तो ऐतिहासिक क्षण मी पाहिलेला नाही.

मुलीला नोकरी लागली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जाते. तिथे ती दिवसभर लोखंड कापते. वेल्डिंग मशीनला अजून तिला कोणी हात लावू देत नाही.