पास्कूकाकाच्या खुर्च्या

आमच्या वाडीत मोडकी वस्तू घराबाहेर ठेवायची सोय नव्हती. सकाळी ओटीवर ठेवलेलं तीन पायांचं स्टूल संध्याकाळी वाडीच्या तलावाच्या तळाशी गेलेलं असायचं. नेणारा एकच, पास्कूकाका. चोरूनबिरून नव्हे, दिवसाढवळ्या, आणि वर आपल्यालाच झापत. "सकाळपास्नं सडतंय हितं! लाज हाय का?"

अंधेरीच्या पूर्वेला, डोंगराखालच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणात मी तेव्हा भाड्याने राहत होतो. पास्कूकाका समोरच्या घरात. साठी उलटलेला, गुडघ्यापर्यंत चड्डी, डोक्यावर फाटकी हॅट आणि नाकाच्या शेंड्यावर राग. लोक 'काय, कसं काय' म्हणतात तसं तो "लाज हाय का?" म्हणायचा. चर्चच्या फादरनाही म्हणायचा.

त्या स्टुलांचं तो काय करायचा? पायांना दगड बांधायचा, मधे चिंचेच्या फांद्या खोचायचा, भोवती झावळ्या गुंडाळायचा आणि होडक्यातून नेऊन खोल पाण्यात सोडून द्यायचा. पुढे त्यावर शेवाळ धरतं, ते खायला बारीक मासळी येते, फांद्यांत लपते, आणि तिच्या मागावर मोठी मरळ येते. मग काका तिथे गळ टाकणार. तोही एकच. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात. पोटात अंड्यांची गाभोळी भरलेली मादीही परत पाण्यात, वर तिची माफी मागून. पावसाळ्यात, अंडी घालायच्या दिवसांत, गळाला हात लावायचा नाही. एवढा खटाटोप करून आठवड्याला जेमतेम दोन मासे! मी एकदा न राहवून विचारलं, तर अंगावरच आला.

"तुला भाड्यानं खोली पायजे ना? मग माज्या पोरांना नको?"

मासळीला तो 'माजी पोरं' म्हणायचा.

डोंगरापलीकडे दगडाची खाण होती. तिथल्या मुकादमाला एका रविवारी मासे खायची लहर आली. काका चर्चमध्ये आहे हे बघून तो चार माणसं घेऊन आला आणि तलावात सुरुंगाची दारू उडवली. वाडी हादरली. आम्ही धावलो तर पाण्यावर पांढऱ्या पोटांचा खच पडला होता. बोटाएवढी पिल्लं, गाभोळीच्या माद्या, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. मुकादमाने पाट्या भरल्या, उरलेली मासळी वाडीला फुकट वाटली, आणि आम्ही ती घेतली. आजही आठवलं की माझं डोकं तापतं, आणि मुकादमापेक्षा जास्त स्वतःवर तापतं. मी तर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन गेलो होतो.

काका चर्चमधून आला, तलाव बघून आला, आणि घरोघरी चुलीवरची झाकणं उचलत फिरला. आमच्या स्वयंपाकघरात सरळ आत शिरून त्याने कालवणातून पळीभर पिल्लं वर काढली.

"यांचा बाप्तिस्मा पन जाला नव्हता रं!" तो ओरडला. "लाज हाय का तुला?"

बायकोने पातेलं उतरवून बाजूला ठेवलं. ती जेवली नाही. मी मात्र हट्टाने जेवलो. माझ्या घरात येऊन मला बोलतो म्हणजे काय!

त्यानंतर तो कुणाशी बोलेना. नुसता तलावाकडे जायचा आणि यायचा. तळाशी उभारलेलं सगळं त्या दारूने उडालं होतं. चौथ्या दिवशी कामावरून येतो तर माझ्या ओटीवरची खुर्ची गायब. मोडकी नव्हे! माझ्या वडिलांची, चारही पाय शाबूत असलेली सागवानी खुर्ची. हा म्हातारा आता डोक्यावर बसायला लागला, म्हणून मी चपला न काढता त्याच्या घरात घुसलो.

पाच वर्षं समोर राहून मी पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकत होतो. आत काहीच नव्हतं. खाट नाही, टेबल नाही, कपाट नाही. भिंतीवर येशूची तसबीर, कोपऱ्यात चटई आणि चूल. मधोमध माझी खुर्ची, चारही पायांना दगड बांधलेले.

"बस ना," काका म्हणाला.

"माझ्याच खुर्चीवर? तुझं सामान कुठंय?"

"तलावात. आदी घरचं टाकलं. ते सरलं तवा तुमच्याकडं आलो."

"सगळं?"

"म्हातारी गेली. पोरगे दोगं आफ्रिकेत. हितं कोन बसतंय रं? तितं कोनतरी बसतंय."

मी घरून भांडण जुळवून नेलं होतं. ते तसंच राहिलं. मी चपला काढल्या आणि दगड बांधलेल्या खुर्चीवर बसलो. त्याने चहा केला, आपला पेला घेऊन खाली टेकला, आणि बोलत सुटला. मुकादमाला शिव्या, मला शिव्या, आफ्रिकेला शिव्या. दिवे लागले तेव्हा मी उठलो.

"खुर्ची नेतोस?" त्याने खाली बघत विचारलं. "उद्या येनार असशील तर हितंच ठेव. नायतर बुडवतो."

मी खुर्ची ठेवली. दुसऱ्या दिवशी घरची मोडकी बाज खांद्यावर घेऊन गेलो. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"खिळे कोन काडनार? पोरांना लागतील ना! लाज हाय का?"

म्हणाला, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.