आठव्या महिन्यातला ससा

ससा धुवायचा, एवढंच मी ठरवलं होतं.

माझ्या हातून आयुष्यात मोठी कामं फारशी झाली नाहीत. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत फळ्या रचल्या, एकदा लग्न केलं, एक मुलगी वाढवली. (वाढवली खरं तर लिओलानं, माझ्या बायकोनं. मी शाळेत सोडायला जायचो.) तेव्हा एक कापडी ससा धुणं आपल्याला झेपेल, असं मला वाटलं.

ससा माझ्या नातीचा. एलोडी पाच आठवडे आधीच जगात आली. साडेचार पौंडांची. गिरणीतल्या माझ्या हातमोज्यात मावली असती. (हे मी दवाखान्यात बोलून दाखवलं. नादिननं, म्हणजे माझ्या मुलीनं, माझ्याकडे असं पाहिलं की मी हातमोजा खिशात घातला.)

आम्ही सगळे एकाच घरात राहतो. खाली आम्ही दोघं, वर नादिन, जावई डेनी आणि बाळ. स्वयंपाकघर एकच. नादिन बँकेत जाते, डेनी लाकडाचा ट्रक चालवतो. सकाळी सात वाजता घरात आग लागल्यासारखी पळापळ असते, साडेसातला दोघं नाहीशी होतात आणि एलोडी माझ्या मांडीवर उरते. फ्रिजवर एक तक्ता लावलाय. पहिलं हसू, पहिली कूस, पहिला दात, पहिलं पाऊल. प्रत्येकासमोर तारीख लिहायला चौकोन. आणि दर महिन्याच्या चौदा तारखेला, काहीही होवो, सोफ्यावर एलोडीला बसवायचं, शेजारी तो करडा ससा बसवायचा आणि फोटो काढायचा. ससा आहे तेवढाच राहतो, बाळ वाढतं. म्हणजे किती वाढलं ते दिसतं.

पहिल्या महिन्यात एलोडी सशाच्या पोटापर्यंत होती. तिसऱ्या महिन्यात हनुवटीपर्यंत. सातव्या महिन्यात त्याच्या कानांच्या मुळाशी पोचली. ससा हरत होता. आम्ही जिंकत होतो.

नादिन ते सात फोटो फ्रिजवर ओळीनं लावून ठेवायची. रोज कामाला निघताना, कोट घातलेला, एक बूट पायात, एक हातात, अशी ती त्या ओळीसमोर उभी राहायची. दवाखान्यातले आकडे तिला पटत नसत.

"आकडे काय, कुणीही लिहील," ती म्हणायची. "ससा खोटं बोलत नाही."

मार्चच्या तेरा तारखेला मी एलोडीला गाजर भरवलं. तिनं ते जरा वेळ पोटात ठेवलं आणि मग सगळं सशाला दिलं. (गाजर योग्य माणसाकडे गेलं, पण रंग वाईट.) दुसऱ्या दिवशी फोटो. म्हणून मी ससा धुतला. भांड्यांचा साबण लावून, छान धुतला. आता वाळवायचा कसा? यंत्रात टाकला तर बिचारा गरगर फिरेल. मला धीर झाला नाही. मी त्याला लाकडाच्या शेगडीजवळ दोन चिमटे लावून टांगला आणि खुर्चीत विचार करत बसलो. विचार करताना माझे डोळे मिटतात.

"ऑरेल, काय जळतंय?" लिओला बाहेरून येत म्हणाली.

"ससा."

"आपल्याकडे ससा कुठून आला?"

"एलोडीचा."

ती आली. तिनं पाहिलं. एक गाल, एक कान आणि अर्धी पाठ वितळून गुळाच्या पाकासारखी झाली होती. उरलेला डोळा माझ्याकडे बघत होता.

"नादिनला सांगून टाक," लिओला म्हणाली.

"उद्या फोटो आहे."

"मग आजच सांग."

"तिला त्रास होईल गं."

"तुला होईल, असं म्हण."

मी गाडी काढली आणि गारठ्यात तासभर चालवत शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात गेलो. नशीब बघा. तोच करडा रंग, गळ्यात तीच निळी फीत, चेहऱ्यावर तोच कर्ज नाकारणाऱ्या साहेबाचा भाव. एकच शिल्लक होता. आकारानं बरोबर वाटला. चाळीस वर्षं नुसत्या डोळ्यानं फळ्या मोजलेल्या माणसाला मोजपट्टी कशाला लागते?

तो चार बोटं मोठा होता.

हे मला कळलं दुसऱ्या दिवशी, फोटो निघाल्यावर. नादिननं सातवा आणि आठवा शेजारी शेजारी धरले. एकावरून दुसऱ्यावर बोट नेलं. मग म्हणाली, "पापा, ही कमी झालीये."

खरंच. सातव्यात कानांच्या मुळाशी होती, आठव्यात पुन्हा हनुवटीला.

तिनं एलोडीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर पाय ठेवला, मग एकटीनं ठेवला. वजन पौंडभर वाढलेलं.

"वजन वाढतंय आणि उंची कमी होतेय?"

"मग रुंदीत वाढत असेल," डेनी म्हणाला. चांगला मुलगा आहे, पण बोलायची वेळ त्याला साधत नाही. ती जिना चढून वर गेली.

आता सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण माझं बोलणं फार हळू. वाक्य तोंडात जुळेपर्यंत समोरची माणसं जेवून उठतात. संध्याकाळी ती खाली आली तेव्हा मी सुरुवात केली. "नादिन, तो ससा..."

"हो ना पापा, मलाही ससाच मोठा वाटतोय," ती म्हणाली. "बघ, आता मला नको ते दिसायला लागलंय." आणि डोळे पुसत ती बाटल्या धुवायला गेली.

मी तोंड मिटलं. लिओलानं पलीकडून माझ्याकडे पाहून मान हलवली. ती मान मी त्रेचाळीस वर्षं ओळखतो.

मग मी ठरवलं, बोलण्यानं होत नाही ते हातानं करू. ससाच लहान करायचा.

"मी सुईला हात लावणार नाही," लिओला म्हणाली. "पहिला तू मारलास, दुसऱ्याचं ऑपरेशनही तूच कर."

मी सशाची शिवण उसवली, मूठभर कापूस काढला, कंबर दुमडली आणि मासेमारीच्या दोऱ्यानं शिवून टाकली. जरा जास्तच काढला बहुतेक. एप्रिलच्या चौदाला सोफ्यावर एलोडी बसली होती आणि तिच्या काखेत एक आजारी ससा मान टाकून पडला होता. ती त्याच्या कानांच्याही वर गेली होती.

नादिन आधी हसली. एकदाच. मग तिचा चेहरा उतरला. "एका महिन्यात इतकी? डेनी, हे बरोबर नाहीये. आधी कमी, मग एकदम एवढी. हिच्या आत काहीतरी बिघडलंय."

"ससा जरा थकल्यासारखा वाटतो," डेनी म्हणाला.

"सशाचं काय घेऊन बसलायस!"

त्याच आठवड्यात एलोडीला पहिला दात आला. खालचा, तांदळाच्या कणीएवढा. माझ्या बोटाला आधी लागला. मी संध्याकाळी नादिनला दाखवला. तिनं पाहिला, बाळाच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ मिळालीये." टाळी नाही, फोटो नाही. तक्त्यावरचा दाताचा चौकोन तसाच कोरा राहिला. त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहून मला जे वाटलं, ते जळका ससा पाहूनही वाटलं नव्हतं.

गुरुवारी डेनी रानात ट्रक घेऊन गेलेला, म्हणून गाडी मी चालवली. नादिन मागे बाळाशेजारी बसली. मांडीवर नऊ फोटो, पिशवीत ससा. वाटेत मी तीनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पापा, थंडी वाजतेय का? काच बंद कर."

डॉक्टर आशे माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं एलोडीला आडवं करून मोजलं, डोकं मोजलं, वजन केलं आणि म्हणाली, "छान आहे. वाढीच्या रेघेवर चाललीये अगदी."

नादिननं फोटो टेबलावर मांडले. पहिल्यापासून नवव्यापर्यंत. शेजारी ससा ठेवला. डॉक्टर वाकून बघत राहिली. सातव्या फोटोपर्यंत तिचा चेहरा ठीक होता.

"हे असं मी कधी पाहिलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "चिंतेचं काही नसावं. पण तुमचं मन शांत व्हावं म्हणून थोडं रक्त तपासू या."

जिनेट नावाची नर्स होती, ती ट्रे घेऊन आली. एवढीशी सुई. एलोडीला वाटलं, खेळणं आलं. तिनं आपणहून हात पुढे केला आणि एका दाताचं हसू हसली.

"सुई सशाला टोचा," मी म्हणालो.

इतक्या भराभर मी आयुष्यात बोललो नव्हतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग गाजर, शेगडी, दुकान, मासेमारीचा दोरा, सगळं सांगितलं. हळूहळू सांगितलं. कुणी मधे बोललं नाही, हेही पहिल्यांदाच.

"पाच आठवडे, पापा," नादिन म्हणाली. हसली नाही. "पाच आठवडे माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आणि तू समोर बसून बटाटे खात होतास."

"मीही कमीच खाल्ले."

"तीन-तीनदा घ्यायचास!"

मी खाली पाहिलं. तिनं ससा उचलला. त्याची कंबर दाबून पाहिली, तिथल्या गाठी बोटानं चाचपल्या. एकूण सतरा गाठी होत्या, एकही सरळ नव्हती. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. रडतच होती, पण हसतही होती, आणि कुठलं कधी सुरू झालं ते तिलाच कळत नव्हतं. तिनं एलोडीच्या टाळूवर तोंड टेकलं.

"म्हणजे ही वाढतेय," ती म्हणाली.

"वाढतेय."

"खरं सांग."

"रोज वाढतेय गं. मी उचलतो ना. माझ्या पाठीला माहीत आहे."

जिनेटनं सुई पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचीही पाठ हलत होती. मग जिनेट कपाटातून एक फाईल घेऊन आली आणि तिच्यावरची धूळ माझ्यासमोर झटकली.

"आलातच आहात तर तुम्हालाही मोजून घेऊ, ऑरेल. अकरा वर्षांत इकडे फिरकला नाहीत."

"मला काही झालेलं नाही."

"पापा, बूट काढ," नादिन म्हणाली. त्या आवाजापुढे मी काय बोलणार?

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. डोक्यावर पट्टी टेकली.

"पाच फूट सात," जिनेट म्हणाली.

"नऊ."

"नऊ होतात. इथं लिहिलंय." तिनं फाईल दाखवली. "आता सात."

मी टाचा उचलायचा प्रयत्न केला. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मी टाचा टेकवल्या.

"बाळाची काळजी सोडा," डॉक्टर आशे नादिनला म्हणाली. "तुमच्या घरात कमी होणारं माणूस वेगळंच आहे."

नादिननं तिथल्या तिथे आईला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "आई, एलोडी एकदम ठणठणीत आहे. पापानं सगळं कबूल केलं. पण पापा दोन इंच कमी भरलाय."

पलीकडून नळ बंद केल्याचा आवाज आला.

"दोन इंच?" लिओला म्हणाली.

"हो. काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? आण घरी तसाच," लिओला म्हणाली. "आणि बदलून आणायचाच झाला, तर या वेळी दुकानात मी जाते."