जळून राहिलेला डबा

अकोल्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात दीपमालाची तोंडी परीक्षा चालली होती. गेल्या वर्षी हाच विषय राहिला होता. यंदा सुटला तरच डिग्री हातात येणार होती. टेबलावर सर्किटचा एक डबा होता आणि शेजारी त्यातून निघालेली लहर दाखवणारा पडदा. परीक्षक साधना मॅडम आदल्या दिवशीच पुण्याहून आल्या होत्या. बाई हुशार, मायाळू आणि भलत्याच चौकस. चौकस माणसाची एक गंमत असते, तो विचारतो खूप आणि ऐकतो मात्र आपल्याला हवं तेवढंच.

"आयगन फंक्शन म्हणजे काय गं?"

"मॅडम, या डब्यात दुसरी कोणती लहर टाकली तं तिचं रूप बदलते. पण साइन लहर टाकली का साइनच निघते. लहान होईन, मोठी होईन, जराशी मांगं सरकन, पण वळण तेच."

तिनं चौकोनी लहर सोडली. पडद्यावर तिचे कोपरे वापरलेल्या साबणासारखे गोल झाले. मग साइन सोडली, ती जशीच्या तशी गुळगुळीत निघाली.

"वा! म्हणजे डब्यातून जाऊनही जी टिकते ती," मॅडम रंगात आल्या. "आता जोर वाढव. बघू तरी किती टिकते!"

दीपमालानं बटण फिरवलं. साइनचे शेंडे सपाट कापले गेले.

"आता नियम लागू नाई, मॅडम. एवढा जोर डब्याले झेपत नाई. तापून राहिला तो."

"तापूनही राहिला? छान! वाढव अजून."

"मॅडम, जळून राहिला!"

"जळूनही राहिला?" मॅडमचा चष्मा कपाळावर गेला. "कमाल आहे! लिहूनच घेते."

वऱ्हाडात 'जळून राहिला' म्हणजे आत्ता, या घडीला जळतो आहे. पुण्याच्या कानाला वाटतं, जळला आणि तरी उरला. या दोन अर्थांच्या फटीतून आता धूर निघू लागला होता.

प्रयोगशाळा सांभाळणारे महादेवराव धावत आले. "अवं, पाहून काय राहिल्या? बंद करा ना!" म्हणत त्यांनी खटका पाडला.

"अगं, सांगायचं नाही का?" मॅडम खोकत म्हणाल्या.

"सांगूनच तं राहिली होती!"

महादेवरावांनी अर्थ उलगडून सांगितला, तेव्हा मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे डब्याआधी माझा कानच बिघडला होता."

दीपमालाला मात्र हसू येईना. डबा कॉलेजचा आणि राख आपल्या डिग्रीची, असंच तिला वाटत होतं. इतक्यात विभागप्रमुखांचा फोन आला.

"हो, दीपमालाच," मॅडम फोनवर म्हणाल्या. "पास करून राहिले."

दीपमाला त्या शब्दाचा हिशेब करू लागली. पुण्यात राहिलं म्हणजे करायचं राहून गेलं, असंही असतं.

"मॅडम," तिनं भीतभीत विचारलं, "हे 'राहिले' तुमच्याकडचं का आमच्याकडचं?"

मॅडमनी मार्कांचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"तुमच्याकडचं. पण बोट लावू नकोस, सही अजून वाळून राहिली आहे."