वकिलांच्या पायात धाकूच्या चपला

रविवारी सकाळभर बोलून श्यामकांत वकिलांचा घसा बसला होता. पार्ल्याच्या मित्रमंडळानं गळ घातली, म्हणून कामगारांना त्यांनी कायद्याची तोंडओळख करून दिली होती: नव्या घटनेनं दिलेले हक्क, मग फौजदारी गुन्हे आणि शेवटी नोकरीचे नियम. आता त्यांना फक्त बिछाना हवा होता. दाराशी चपलांचा ढीग पडला होता. सापडल्या त्यांत पाय सरकवून ते निघाले.

गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी त्यांचा दंड धरला. अंधेरीच्या काचेच्या कारखान्यातला गुणाजी. व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून मान डोलावणारा तोच.

"वकीलसाहेब, ह्यो तर धाकूच्यो वाणो! तुमच्या पायात खयसून इल्यो?"

श्यामकांतांनी खाली पाहिलं. "अरेच्चा! चुकून घातल्या रे."

"डोळ्यांसमोर चोरी झाली तर साध्या माणसाकय चोर धरूचो हक्क आसा. आत्ताच सांगलात ना तुमी?"

सांगितलं होतं खरं. पेंगणारी माणसं जागी व्हावीत म्हणून दोनदा सांगितलं होतं. अर्धी सभा मागे जमली आणि वरात चौकीवर गेली. शेवटी गुणाजीच्याच कारखान्यातला धाकू, अनवाणी.

सहदेव हवालदारांनी धंदा विचारला. "वकिली," असं ऐकल्यावर त्यांनी टाक खाली ठेवला. चपला मुद्देमाल म्हणून टेबलावर आल्या.

"आदी ह्येंका अटकेचा कारण सांगा," गुणाजी हटून बसला. "आनी वकील देवा. घटनेत आसा."

"रविवारी वकील कुठून आणू?"

"ह्येच आसत की!"

तेव्हा बसलेल्या घशानं आरोपी श्यामकांतांच्या वतीनं वकील श्यामकांत उभे राहिले. "चोरीला हेतू लागतो, हवालदार. माझं डोकं केव्हाच झोपलं होतं, नुसते पाय चालत होते. पायांना कसला हेतू?"

हवालदारांना ते पटलं, गुणाजीला पटायला मात्र दुपार झाली. अखेर चोरी झालीच नाही असं ठरलं. कागदावर काही न लिहिता सगळ्यांना सोडलं. धाकूला चपला मिळाल्या, पण तोवर त्याची दुपारची पाळी सुरू होऊन गेली होती, आणि काचेच्या कारखान्यात अनवाणी माणसाला कुणी आत घेत नसे.

सोमवारी सकाळी वकिलांनी दार उघडलं, तर पायरीवर धाकू. "साहेब, माका कामावरसून काडलो."

त्याचा चेहरा बघून श्यामकांतांची झोप उडाली. कोट चढवून ते त्याच्याबरोबर कारखान्यात गेले.

"त्याची बाजू न ऐकता कामावरून काढता येणार नाही," त्यांनी मॅनेजरला बजावलं.

"ऐकली की! म्हणतो, चपला वकिलानं पळवल्या. ही काय थाप झाली?"

"थाप नाही. तो वकील मी."

मॅनेजरनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही याच्याकडून वकीलपत्र घेतलंय. याच्या बाजूनंच बोलणार. चौकीवरचा दाखला आणा."

श्यामकांत पुन्हा पार्ल्याच्या चौकीवर.

"दाखला कशाचा देऊ?" हवालदार म्हणाले. "काल काहीच झालं नाही. तुम्हीच सिद्ध केलंत."

"मला पकडून आणलं होतं, एवढं तरी लिहा."

"कशाबद्दल पकडलं, ते लिहावं लागेल."

"लिहा."

"चोरीचा संशय."

श्यामकांतांनी डोळे मिटले. बाहेर धाकू उभा होता. त्याच्या घरी खाणारी तोंडं सात आणि कमावता तो एकटा. "लिहा हो," ते म्हणाले. "काल सुटायला जेवढा वेळ लागला तेवढा आज अडकायला लावू नका."

दाखला घेऊन दोघं दुपारी कारखान्यात परतले. मॅनेजरनं तो दोनदा वाचला, मान हलवली आणि धाकूला पाळीवर पाठवलं. जाता जाता धाकू वकिलांच्या पाया पडला. पडताना त्यानं त्यांच्या पायांतल्या चपलाही नीट बघून घेतल्या.

श्यामकांत फाटकाशी पोचले, तेव्हा दरवान वाटेत आडवा आला.

"माफ करा, साहेब. वरून हुकूम आहे. चोरीचा संशय असलेला माणूस झडती घेतल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही."

श्यामकांतांनी मुकाट्यानं दोन्ही हात वर केले. दरवान खिसे चाचपत होता आणि ते डोळे मिटून उभे होते. त्यांना जरा बरंच वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणी त्यांना काही बोलायला सांगत नव्हतं.