वस्तादांचा पुतळा आणि रतनबाईंचा पदर

ज्योतीराम मुंबईच्या कलाशाळेतून कासारवाडीला परतला तो एक घोषणा घेऊनच. तालमीचे कैलासवासी वस्ताद तात्याबा यांचा छातीपर्यंतचा पुतळा तो घडवणार, आणि तोही एकट्याने नाही, अख्ख्या गावाच्या हातांनी! कला ही लोकांची असते, असं त्याने पारावर ठणकावून सांगितलं. लोकांनीही माना डोलावल्या. कला आपली आहे हे त्यांना आजवर कुणी कळवलंच नव्हतं.

अडचण एकच. तात्याबांनी जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. फोटोने अंगातली ताकद जाते अशी त्यांची खात्री होती.

मग काय, पिंपरीच्या नव्या कारखान्यातून शिफ्ट सुटली की माणसं सायकली टेकवून थेट तालमीत येत आणि मातीत हात घालत. धर्माजीने आपल्या आठवणीप्रमाणे नाक लांबवलं, कुशाबाईने गाल बसवले, मिशांवरून तर दोन सख्ख्या भावांत अबोला झाला. ज्योतीराम हसतमुखाने सगळं सावरत होता, पण आतून त्याचा जीव टांगणीला लागला होता. वस्तादांच्या बायकोने, रतनबाईंनी, ओळखलं तरच पुतळा खरा, नाहीतर आपली कलाशाळा फुकट, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

शेवटी रतनबाईंना आणलं. पुतळा दिसताच त्या दचकल्या, झटकन पदर कपाळाखाली ओढला, वाकून नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता मागच्या पावली बाहेर गेल्या. ज्योतीरामच्या डोळ्यांत पाणीच आलं. याहून मोठी पावती कुठल्या कलावंताला मिळाली असेल!

आता फक्त साचा काढायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टर आणायला पुण्याला निघाला. जाताना धर्माजीला सांगितलं, मूर्ती पुरी झाली आहे, मी येईपर्यंत तेवढी सांभाळा.

संध्याकाळी खांद्यावर पोतं घेऊन तो एसटीतून उतरला, तर नदीकडून लेझीम वाजत येत होतं. सगळे गुलालात न्हालेले. पुढे धर्माजी, त्याच्या हातात रिकामा पाट आणि पाटावर मूठभर वाळू.

"वस्ताद कुठायत?" ज्योतीरामने कसंबसं विचारलं.

"पोचिवलं की नीट." धर्माजीने त्याच्या हातावर खिरापत ठेवली. "तूच म्हणलास पुरी झाली. मंग बायांनी हार घातला, आरती केली. आरती झाल्याली मातीची मूर्ती कुणी ठिवतंय व्हय?"

ज्योतीराम रस्त्यातच पोत्यावर बसला. इतकं हुबेहूब काम पुन्हा आपल्या हातून होणे नाही, या विचाराने त्याला रडू आवरेना. रतनबाईंना त्याची दया आली. मिरवणुकीतल्या बायांमधून त्या जवळ आल्या.

"रडू नगंस, लेकरा. गेले त्ये बरंच झालं. त्ये आमचं मालक न्हवतंच. थेट आमचं मामंजी!"

"काकी, मग कालच का नाही सांगितलंत?"

"आता गं बया," रतनबाई म्हणाल्या, "मामंजींच्या म्होरं म्या कधी तोंड उघाडलंय का?"