नोरीनबाईंचा वाढता आकडा

कोंबड्या दोन वर्षांपूर्वीच कोल्ह्याने नेल्या. खुराडं तेवढं उरलं.

चाळीस मीटरची केशरी वायर. पावती सापडत नाही.

नोरीनबाईंचा नवरा क्लाइव्ह रोज संध्याकाळी पाचला टोमॅटोला पाणी घालायला जातो. टोमॅटो जानेवारीच्या उन्हातच करपले; इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा.

शेजारीण थुयने जेटीवर पकडलेले सतरा माकूल, म्हणजे स्क्विड.

मगाचा कान. तो नीट बसतच नाही.

आता यांचा एकमेकांशी काय संबंध? नोरीनबाईंनाही सहा आठवडे लागले, आणि त्या तर तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या. कुठल्या नळीत काय बुडबुडतंय हे पाठमोऱ्या असताना ओळखायच्या.

सुरुवात फेब्रुवारीत झाली, मॅली कोर्टमध्ये. ही समुद्राकडची पाच घरांची बंद गल्ली. शेगडीवर सॉसेज उलटता उलटता नोरीनबाईंनी जाहीर केलं, "ईस्टरपर्यंत आपली गल्ली निम्म्या विजेवर येणार. एका घरामागे किती कार्बन हवेत जातो, कल्पना आहे कुणाला?"

कुणालाच नव्हती. डगला तर शाळेतही नव्हती. तो त्यांचाच विद्यार्थी, दोनदा नापास, आता पन्नाशीचा शेजारी.

नियम सोपे होते. दर रविवारी प्रत्येकाने आपला मीटर वाचायचा. आठवड्याचा आकडा बाईंच्या कुंपणावरच्या फळ्यावर चढणार. ईस्टरच्या आठवड्यात ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याने आपलं सगळ्यात लाडकं यंत्र गल्लीबाहेर काढायचं. डगने मसाजची खुर्ची लावली पणाला, थुयने गाण्यांचं मशीन.

"आणि तुमचं काय, बाई?"

"माझी भट्टी," बाई म्हणाल्या. अगदी सहज. छतावर सौर पॅनेल असलेलं घर गल्लीत त्यांचं एकटंच. "दुपारी माझ्याकडची वीज उतू जाते रे. वापरायला माणूस नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. बाकीच्यांनी ठेवलं.

भट्टी म्हणजे मातीचे मग भाजायची विजेची भट्टी, धुण्याच्या खोलीत बसेल एवढी. तीस वर्षं बाईंना प्रत्येक प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक असायचं. निवृत्तीनंतर एकच दार असं मिळालं, जे उघडताना आत काय निघेल हे माहीत नसे. हिरवा रंग लावावा तर तपकिरी निघे. तेवढ्यासाठी त्या जगत होत्या म्हटलं तरी चालेल.

पहिला हल्ला गॅरेजमधल्या बीअरच्या फ्रिजवर. प्रत्येक घरात एक, वीस-वीस वर्षं जुना, म्हाताऱ्या म्हशीसारखा सुस्कारे टाकणारा. "बंद करा," बाई म्हणाल्या. सगळे लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की दुसऱ्या कुणाला संशय आला असता.

चार घरांचे आकडे धडाधड उतरले. बाईंचा चढला. पुढच्या रविवारी आणखी चढला.

त्यांना राग आला नाही. कुतूहल वाटलं. त्यांनी प्लगमधून घड्याळ काढलं, टोस्टर काढला, क्लाइव्हचा दात घासायचा विजेचा ब्रशही काढला. क्लाइव्ह गार पाण्याने दाढी करू लागला, तक्रार न करता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तक्रार न करणारा क्लाइव्ह त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण ती नोंद त्यांनी घेतली नाही.

शेवटी ईस्टरच्या आदल्या रविवारी, भर दुपारी, त्यांनी घराचा मुख्य स्विचच पाडला आणि वही घेऊन पायरीवर बसल्या.

अर्ध्या तासाने कुंपणावरून डगचं डोकं वर आलं. "बाई, तुमची वीज गेलीय का?"

"तुला कसं कळलं?"

"नाही, असंच. शेजारधर्म."

डोकं खाली गेलं. दहा मिनिटांनी थुय फाटकात. "नोरीन, वीज कधी येणार गं?"

"तुझ्याकडे आहे ना?"

"आहे की."

"मग?"

थुय माणूस प्रामाणिक. तिचे डोळे खुराड्याकडे गेले. बाई उठल्या.

खुराड्यात पाच फ्रिज ओळीने उभे होते. दारांवर खडूने घरांचे नंबर, अक्षर क्लाइव्हचं. केशरी वायर पाण्याच्या टाकीमागून त्यांच्याच घराकडे गेलेली. क्लाइव्ह क्रेटवर बसून तीन नंबरच्या फ्रिजखालचं पाणी पुसत होता.

"अगं, तूच म्हणालीस वीज उतू जाते," तो म्हणाला.

"दुपारी. दुपारी उतू जाते. रात्री सूर्य असतो का?"

मागून आलेल्या डगने नीट विचार केला. "पण बाई, रात्री आम्ही दार उघडतच नाही."

बाईंनी त्याच्याकडे तिसऱ्यांदा नापास केल्यासारखं पाहिलं.

"माझे माकूल वितळताहेत," थुय हळूच म्हणाली. "भांडण नंतर करूया का?"

संध्याकाळपर्यंत चार फ्रिज भंगारवाल्याकडे गेले. एक राहिला, डगच्या गॅरेजात, पाचही घरांचा. वर बीअर, खाली माकूल. नोरीनबाई भलत्याच खूश झाल्या. रहस्य उलगडलं, शेजारी सुधारले, भट्टी वाचली. त्या आनंदात त्यांनी त्याच आठवड्यात दोनदा भट्टी लावली. प्रत्येक घराला एक मग, ईस्टरची भेट. कानही या वेळी नीट बसले.

ईस्टरच्या दिवशी क्लाइव्हने फळ्यावर आकडे लिहिले. सगळ्यात मोठा त्यांचाच.

डगने नव्या मगातला चहा संपवला आणि ढकलगाडी आणली. "आम्ही उचलतो, बाई. तुम्ही फक्त फाटक धरा."

भट्टी आता गावच्या हॉलमध्ये आहे. नऊ जण मिळून महिन्यातून एकदा लावतात. बाईंना आता इतर आठ जणांच्याही मगांचं काय निघेल हे माहीत नसतं, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात.

फळा लावण्याच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारीत, नोरीनबाईंनी भट्टी लावायच्या आधी आणि नंतर मीटर वाचला होता. भट्टी एका वेळी किती वीज खाते तो आकडा त्यांनी कुठेच लिहिला नाही.